मिऱ्यांच्या गावापर्यंत : एका पंचाहत्तरीच्या प्रवासाची आखणी

व्यापारी घरातील पंचाहत्तरी बहुधा मंगल कार्यालयात साजरी होते. चारशे-पाचशे पाने उठतात, शाली आणि श्रीफळे जमा होतात, भाषणे होतात. उत्सवमूर्ती तीन-चार तास खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी दुकानाचे दार उघडते. या समारंभांना त्यांचे स्थान आहेच. परंतु अलीकडे काही कुटुंबांनी हाच खर्च कुटुंबाच्या एकत्रित प्रवासाकडे वळवला आहे. हा बदल स्वागतार्ह असला तरी सोपा नाही. समारंभात थकलेला पाहुणा घरी जाऊ शकतो. प्रवासात थकलेल्या ज्येष्ठाला ती सोय नसते. म्हणून अशा प्रवासाची आखणी हा स्वतंत्र विचाराचा विषय ठरतो.

सांगलीच्या गणपती पेठेत किराणा आणि मसाल्याच्या जिनसांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाने गेल्या जानेवारीत असा प्रवास केला. त्यांची आखणी पहिल्या आराखड्यापासून अखेरच्या आराखड्यापर्यंत कशी बदलत गेली, हे पाहण्यासारखे आहे.

या घराच्या प्रमुखांना घरात आणि पेठेतही 'आप्पा' म्हणतात. वयाच्या विसाव्या वर्षी ते गादीवर बसले आणि पंचावन्न वर्षे बसून राहिले. लग्नकार्ये, यात्रा आणि तातडीची कामे वगळता त्यांनी पेठ सोडली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली नाही, मात्र उंच चढ, जागरण आणि दगदग टाळण्याची ताकीद दिली. जायचे असेल तर आताच, हे घरात कुणी उघड बोलले नाही, पण प्रत्येकाच्या मनात तेच होते.

पहिला आराखडा

पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या चिरंजीवांनी उत्साहाने पहिला आराखडा तयार केला. सहा दिवस, चौदा ठिकाणे, सुमारे पंधराशे किलोमीटर. बेळगाव, दांडेली, कारवार, गोकर्ण, मुरुडेश्वर, जोगचा धबधबा, उडुपी, मंगळूर, धर्मस्थळ, श्रवणबेळगोळ आणि वाटेतली आणखी चार ठिकाणे. शहरे, अरण्य, समुद्र आणि तीर्थे असे सारेच त्यात होते. यांपैकी एकही ठिकाण टाकाऊ नव्हते. नेमकी हीच अडचण होती. प्रत्येक ठिकाण चांगले असल्याने कुठलेच गाळावेसे वाटत नव्हते, आणि म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून रात्री दहाला मुक्कामी पोहोचायचे, असे कागदावर आले.

या आराखड्यामागे आणखी एक हिशेब होता. बारा आसनांची टेंपो ट्रॅव्हलर भाड्याने घेताना मालक दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरून आकारणी करणार होता. गाडी दीडशे किलोमीटर चालली तरी पैसे तीनशेचेच. तेव्हा पैसे मोजलेच आहेत तर किलोमीटर वसूल करू, असे घरातल्या बहुतेकांचे मत पडले.

व्यापाऱ्याच्या घरात हा विचार सहज पटतो, पण तो व्यापाराच्याच नियमाला धरून नाही. गोदामाचे भाडे महिन्याचे महिन्याला भरावेच लागते. म्हणून ते भरलेले दिसावे यासाठी कुणी नको असलेला माल आणून ठेवत नाही. भाडे जागा हाताशी असण्याचे असते. गाडीचेही तसेच आहे. वृद्ध आई-वडिलांना हवे तेव्हा थांबता यावे आणि हवे तेव्हा निघता यावे, यासाठी ती रक्कम मोजलेली असते. किलोमीटर वसूल करण्याच्या नादात तीच सोय गमावली, तर खर्च झाला आणि माल हाती आला नाही, अशी गत होते.

वेळेचा ताळेबंद

दुकानाची खतावणी सांभाळणाऱ्या थोरल्या सूनबाईंनी किलोमीटरचा कागद बाजूला ठेवला आणि तासांचा कागद मांडला. घरातील ज्येष्ठांचा रात्रिभोजनाचा त्याग. त्यामुळे सूर्यास्त हीच दिवसाची सीमारेषा. जानेवारीच्या अखेरीस उत्तर कन्नड भागात सूर्य साधारण सातला उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाती साडेअकरा तास. त्यांतून स्नान, पूजा आणि सकाळचा नाश्ता यांचे दोन तास वजा. दुपारचे भोजन आणि विश्रांती यांचे अडीच तास वजा. सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपण्यासाठी एक तास वजा. गाडीत चढणे-उतरणे, सामान आणि वाटेतले थांबे यांचा आणखी एक तास वजा. उरले पाच तास. त्यांतले किमान दोन तास जिथे जायचे ते पाहण्यासाठी ठेवले, तर गाडी चालवायला तीन, फार तर चार तास मिळतात. महामार्गावर ताशी पन्नास आणि घाटात ताशी तीस किलोमीटर अशी गती धरली, तर दिवसाचा सोसवणारा टप्पा एकशे वीस ते एकशे साठ किलोमीटरचा ठरतो.

या एका कागदाने चौदा ठिकाणांचा प्रश्न निकालात निघाला. धाकट्या चिरंजीवांनी अंतरे बरोबर काढली होती. माणसे मात्र हिशेबात धरली नव्हती. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम प्रवासात अडचणीचा ठरतो, अशी पुष्कळांची समजूत असते. इथे त्याच नियमाने आराखड्याला शिस्त लावली. साडेपाचला जेवायचे म्हणजे पाचला मुक्कामी असायचे, आणि पाचला मुक्कामी असायचे म्हणजे रात्रीचा घाट आपोआप टळला.

उत्सवमूर्तीला विचारणे

एवढे होईपर्यंत कुणाच्या लक्षात आले नव्हते की ज्यांचा वाढदिवस, त्या आप्पांना कुणी विचारलेच नव्हते. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत होता. सूनबाईंनी एका संध्याकाळी दुकान बंद करताना विचारले, "आप्पा, तुम्हाला काय पाहायचंय?"

"तुम्ही न्याल तिकडे," एवढेच उत्तर आले. त्या पिढीचे उत्तर हेच असते आणि बहुतेक घरांत चौकशी इथेच संपते. सूनबाईंनी दोन दिवसांनी पुन्हा विचारले. तेव्हा आप्पांनी गोदामातल्या एका पोत्यावर हात ठेवला.

"शिरसी. पंचावन्न वर्षं बारदानावर हे नाव वाचतोय. सुपारी तिथली, मिरी तिथली. पण मिऱ्याचा वेल झाडावर चढतो कसा, ते काही बघितलं नाही बाई."

दुसरी इच्छा कारकळच्या बाहुबलींच्या दर्शनाची होती. घाईने नमस्कार करून निघायचे नाही, निवांत बसायचे, ही अट. तिसरी इच्छा आप्पांची नव्हती, घरातल्या आईंची होती : समुद्राकाठी नुसते बसायचे.

शिरसी हे नाव पहिल्या आराखड्यात नव्हतेच. प्रवासाची मार्गदर्शक पुस्तके आणि चित्रफिती त्याला फारसे महत्त्व देत नाहीत. पण याच नावाने पंचावन्न वर्षे या घराची चूल पेटवली होती. आता प्रवासाला तीन खांब मिळाले : मिऱ्याचा वेल, समुद्र आणि बाहुबली. बाकी सारे वाटेत आले तर पाहायचे, नाही आले तर सोडायचे. श्रवणबेळगोळ गाळताना कुणाला रुखरुख लागली नाही, कारण 2018 च्या महामस्तकाभिषेकाला कुटुंब जाऊन आले होते, आणि विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या आता आप्पांच्या प्रकृतीला झेपणाऱ्या नव्हत्या.

दिवस कोणते

व्यापारी कुटुंबाला पंचांगाइतकीच पेठेची दिनदर्शिकाही पाहावी लागते. जीएसटीचे मासिक विवरणपत्र वीस तारखेला भरायचे असते. फेब्रुवारीपासून सांगलीच्या बाजारात नव्या हळदीची आवक वाढते आणि मग मार्च अखेरपर्यंत श्वास घ्यायला उसंत नसते. सुदैवाने आप्पांचा वाढदिवस 24 जानेवारीला येतो. म्हणून 21 ते 30 जानेवारी हे दहा दिवस ठरले. मलनाड भागात या दिवसांत सुपारीची काढणी चालू असते आणि मिऱ्यांच्या तोडणीलाही सुरुवात झालेली असते. हवा कोरडी, रस्ते चिखलमुक्त. दुकान, शेत आणि ऋतू यांचा मेळ बसला.

सर्वांना दहा दिवस मोकळे नव्हते. त्यावर उपाय म्हणून माणसांचे टप्पे पाडले. पहिल्या सहा दिवसांत आप्पा, आई, थोरले चिरंजीव, सूनबाई आणि इचलकरंजीला दिलेल्या कन्या. सहाव्या दिवशी पुण्याचे कुटुंब कोकण रेल्वेने उडुपीला येऊन मिळणार आणि थोरले चिरंजीव रात्रीच्या बसने दुकानाकडे परतणार. मुलांची शाळा दोन-तीन दिवसच बुडते. सगळे एकाच वेळी निघाले नाहीत म्हणून प्रवास एकत्रित राहत नाही, असे नाही.

मार्ग

पहिला दिवस सांगली ते बेळगाव, सुमारे दीडशे किलोमीटर. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी 1204 मध्ये रट्ट राजवटीत मंत्री बिचीराज यांनी बांधविली. छताला कोरलेल्या दगडी कमळावरून तिला हे नाव पडले. ती सपाट जागेवर असल्याने पायऱ्यांचा त्रास नाही. पहिल्या दिवशी असेच सोपे ठिकाण असावे. प्रवासाची सवय नसलेल्या शरीराला पहिला दिवस अंदाज घेण्यासाठी लागतो.

दुसरा दिवस बेळगाव ते दांडेली, पंचाण्णव किलोमीटरच्या आसपास. दांडेली आणि अणशी यांचे अरण्य 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले आणि 2015 पासून ते काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखले जाते. काळी हे इथल्या नदीचे नाव. काळा बिबट्या आणि धनेश पक्षी यांसाठी हे अरण्य प्रसिद्ध आहे. वनविभागाची जंगलफेरी सकाळी आणि दुपारनंतर निघते. दुपारनंतरच्या फेरीत सूर्यास्त जंगलातच होतो, म्हणून सकाळची फेरी निवडली. तीही फक्त थोरले चिरंजीव, सूनबाई आणि कन्या यांच्यासाठी, कारण उघड्या जीपचे धक्के आप्पांच्या कंबरेला नकोत. आप्पा आणि आई यांनी दांडेली गावातल्या लाकूड आगाराच्या परिसरात उंच झाडांवर उतरणारे धनेश पाहायचे ठरले. सर्वांनी सर्व काही पाहिलेच पाहिजे, हा आग्रह सुटला की निम्मी दगदग सुटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दांडेलीहून यल्लापूरमार्गे शिरसी, सुमारे एकशे दहा किलोमीटर. चौथा दिवस वाढदिवसाचा. त्या दिवशी गाडी गावाबाहेरच्या बागेपलीकडे न्यायची नाही, हा नियम ठरवून टाकला.

पाचव्या दिवशी घाट उतरून कुमठा, तेथून मिरजानचा किल्ला आणि मुरुडेश्वर, सुमारे एकशे तीस किलोमीटर. शिरसी-कुमठा घाटात रुंदीकरणाच्या कामांमुळे वाहतूक अनेकदा वळवली जात होती. म्हणून आदल्या दिवशी स्थानिक चौकशी करायची आणि यल्लापूर-अंकोला हा पर्यायी मार्ग तयार ठेवायचा, हेही कागदावर लिहिले गेले.

मिरजानचा थांबा आप्पांच्या व्यवसायाशी जुळणारा होता. सोळाव्या शतकात गेरसप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवी या जैन राजकुळातील राज्यकर्तीचा या किनाऱ्यावर अंमल होता. इथल्या बंदरांतून मिरी समुद्रापार जात. पोर्तुगीजांनी तिला 'मिऱ्यांची राणी' असे नाव दिले होते. ज्या जिनसेसाठी युरोपातील दर्यावर्दी अर्धी पृथ्वी पार करून आले, तीच जिन्नस गणपती पेठेत पोत्यांतून उतरते. नातवंडांना इतिहास सांगायला याहून चांगली जागा मिळणे कठीण, पण नातवंडे तेव्हा पुण्यातच असणार होती. म्हणून परतीच्या वाटेवर हा किल्ला पुन्हा ठेवला.

सहाव्या दिवशी मुरुडेश्वरहून उडुपी आणि पुढे कारकळमार्गे मूडबिद्री, सुमारे एकशे पंचावन्न किलोमीटर. वाटेत मरवंते येथे महामार्गाच्या एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी असे दृश्य दिसते. गाडीतून न उतरताही ते डोळे भरून पाहता येते. आईंच्या इच्छेसाठी इथे सकाळचा तासभर राखून ठेवला.

सातवा दिवस मूडबिद्री आणि कारकळसाठी. दोहोंतील अंतर वीस किलोमीटरांहून कमी. कारकळची बाहुबलींची बेचाळीस फुटी अखंड मूर्ती वीर पांड्य या भैररस राजाने 1432 मध्ये प्रतिष्ठित केली. जवळच 1586 मधील चतुर्मुख बसदी आहे. तिची रचना चारही दिशांनी सारखीच आहे. मूडबिद्रीची हजार खांबांची त्रिभुवन तिलक चूडामणी बसदी 1430 मधली. मूडबिद्रीचा महाराष्ट्राशीही धागा जुळतो. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके इथेच सांभाळल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली. पुढे डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 पासून अमरावतीहून धवला छापून प्रसिद्ध होऊ लागली. व्यापाऱ्यांच्या थैलीतून ग्रंथ वाचल्याचे हे उदाहरण मुलांना ठाऊक असावे.

परतीचा प्रवास हा बहुतेक आराखड्यांतला दुबळा भाग. जाताना सात दिवस घेतलेले कुटुंब परतताना एका दिवसात सहाशे किलोमीटर तोडायला निघते आणि साऱ्या प्रवासाचा शिणवटा त्या एका दिवसात गोळा करते. इथे परतीचेही तीन भाग केले : मूडबिद्री ते कुमठा दोनशे दहा, कुमठ्याहून अंकोला-अरबैल घाटाने हुबळी एकशे पासष्ट, आणि हुबळी ते सांगली दोनशे पंचेचाळीस किलोमीटर. यांतले दोन टप्पे ठरवलेल्या मर्यादेपेक्षा बरेच मोठे होते, पण ते रुंद महामार्गावरचे असून त्या दिवसांत पाहण्याचे फारसे काही ठेवलेले नव्हते. एकूण अंतर तेराशे किलोमीटरांच्या आत आले. दिवस चार वाढले आणि वाट दोनशे किलोमीटरांनी घटली.

अन्न, औषध आणि कागद

निवासाची नोंदणी करताना खोलीच्या दराआधी दोन प्रश्न विचारले गेले : तळमजल्यावर खोली किंवा लिफ्ट आहे का, आणि सायंकाळी साडेपाचला कांदा, लसूण व कंदमूळ न घातलेले ताजे जेवण मिळेल का? बहुतेक हॉटेलांची रात्रीची भोजनशाळा साडेसातला उघडते. आदल्या दिवशी दूरध्वनी केला की त्यांपैकी अनेकांची तयारी असते. न सांगता गेल्यास नकार ठरलेला. उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहांत इडली आणि नीर डोसा निर्धास्त घेता येतो, पण सांबारात बहुधा कांदा आणि मसाला डोशात बटाटा असतो. तेव्हा मागवण्यापूर्वी विचारावे. शिदोरीत खाखरे, दशम्या, मेथीचे ठेपले, भाजक्या पोह्यांचा चिवडा, भिजवता येणारी मूगडाळ आणि कोरडी चटणी घेतली. पाणी उकळण्यासाठी विजेची छोटी शेगडी आणि गाळण्यासाठी दुहेरी कापड. मूडबिद्रीच्या मुक्कामाची आणि भोजनाची चौकशी महिनाभर आधी करून ठेवली.

आप्पांची औषधे दोन पिशव्यांत विभागली : एक त्यांच्याजवळ, दुसरी सूनबाईंजवळ. एक पिशवी हरवली तरी दुसऱ्या दिवशीची गोळी चुकता कामा नये. हृदयतज्ज्ञांचे शेवटचे टिपण, विमापत्राची प्रत आणि प्रत्येक मुक्कामापासून सर्वांत जवळच्या मोठ्या रुग्णालयाचे नाव एका कागदावर लिहून गाडीत ठेवले. मणिपालसारखे वैद्यकीय केंद्र उडुपीला लागूनच आहे, पण दांडेली-शिरसी भागात हुबळी हाच मोठा आधार, हे आधी समजून घेतलेले बरे. गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे की कर्नाटकात शिरताना वेगळा कर भरावा लागेल, हेही लेखी विचारून घेतले. चालकाचा भत्ता, पथकर आणि वाहनतळाचे शुल्क कोण भरणार, हे ठरावातच नमूद केले. तीन मालकांकडून दर मागवल्यावर एकाने मुक्कामाच्या दिवसांसाठी किमान किलोमीटरची अट शिथिल केली.

खर्चाच्या एकूण अंदाजावर दहा टक्के राखीव धरले. व्यापारात गंगाजळी असते, तशी प्रवासात पैशांची आणि वेळेचीही हवी. म्हणून दांडेलीची पहिली दुपार आणि मुरुडेश्वरची संध्याकाळ कोरी सोडली होती.

प्रत्यक्षात काय झाले

कोरी सोडलेली मुरुडेश्वरची संध्याकाळ कामी आली. घाट उतरल्यावर आप्पांना थकवा जाणवला. मिरजानच्या दाराशीच ते सावलीत बसून राहिले आणि मुरुडेश्वरला पोहोचताच झोपले. तिथले गोपुर कुणीच पाहिले नाही. त्या दिवसाच्या यादीत आणखी चार ठिकाणे असती, तर एक तर ती चुकल्याची हळहळ राहिली असती किंवा आप्पांना ओढत नेले गेले असते. सकाळी ते ताजेतवाने उठले. आई मरवंत्याच्या वाळूवर ठरल्यापेक्षा जास्त, दोन तास बसल्या. कुणी घाई केली नाही.

आणि चौथा दिवस. शिरसीजवळच्या एका बागेत, ज्यांच्याशी दुकानाचा जुना व्यवहार आहे अशा अडत्यांच्या ओळखीने, कुटुंब सकाळी गेले. उंच पोफळींना बिलगून मिऱ्याचे वेल चढले होते आणि पानांआड हिरवे घोस लोंबत होते. घोसातला एखादा दाणा लाल झाला की तोडणीची वेळ झाली, असे बागाईतदाराने सांगितले. अंगणात तोडलेली मिरी उन्हात पसरली होती : काही हिरवी, काही तपकिरी, काही सुरकुतून काळी झालेली. शंभर किलो ओल्या मालाचे साधारण तेहतीस किलो वाळलेले मिरे उरते, हेही त्याने सांगितले.

आप्पांनी ओंजळभर काळे मिरे उचलले, दाताखाली एक दाणा फोडला आणि म्हणाले, "अजून दोन उन्हं पाहिजेत." बागाईतदार हसला. तोही दुसऱ्या दिवसापर्यंत माल उन्हातच ठेवणार होता. मग दोघे तासभर बोलत बसले. एकाला कानडी, दुसऱ्याला मराठी आणि दोघांनाही बाजारभाव येत होता. राशी, बेट्टे आणि चाली या सुपारीच्या प्रती आप्पांनी डोळे मिटून नुसत्या हाताने ओळखून दाखवल्या. थोरल्या चिरंजीवांनी आपले वडील असे एवढा वेळ मोकळेपणी बोलताना बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. दुकानात आता संगणकावर भाव लागतात, आणि आप्पांना कुणी काही विचारत नाही.

केक नव्हता, फुगे नव्हते. दुपारी बागाईतदाराच्या घरी केळीच्या पानावर साधे जेवण झाले.

तीन दिवसांनी कारकळच्या टेकडीवर पुण्याच्या नातवंडांसह आप्पा दगडी पायऱ्या थांबत थांबत चढले. वर अडीच तास बसले. पहिल्या आराखड्यात कारकळ वाटेत असूनही नव्हते, आणि असते तरी वीस मिनिटांपलीकडे वेळ मिळाला नसता. परतताना मिरजानच्या किल्ल्यात मिऱ्यांच्या राणीची हकिकत आप्पांनीच नातवंडांना सांगितली, आणि खिशातून शिरसीचे चार दाणे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले.

ज्या घरांत साठी, सत्तरी, पंचाहत्तरी किंवा लग्नाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला असेल, त्यांनी नकाशा उघडण्यापूर्वी ज्येष्ठांजवळ बसावे आणि एकदा नव्हे, दोनदा विचारावे. पहिले उत्तर संकोचाचे असते. त्यानंतर तासांचा कागद मांडावा, सूर्यास्ताची वेळ लिहावी आणि त्या मर्यादेत बसेल तेवढेच ठेवावे. ज्यांनी आयुष्यभर कुटुंबासाठी एका जागी बसून काम केले, त्यांच्यासाठी कुटुंबाने दहा दिवस त्यांच्या चालीने चालणे, हीच त्या वाढदिवसाची खरी भेट आहे. किती स्थळे झाली याची मोजदाद पुढे कुणी करत नाही. सांगलीच्या त्या दुकानात शिरसीचे पोते उतरले की आप्पा आता बारदानावरचे नाव वाचून थांबत नाहीत. माल किती उन्हांचा आहे ते सांगतात, आणि थोरले चिरंजीव ते वहीत लिहून घेतात.